रात्री २.१७ चे लॉगिन

चाकणजवळच्या एका कारखान्याचे नेटवर्क मी सांभाळतो. गेल्या वर्षी पावसाळ्यातल्या एका सोमवारी सकाळी सव्वानऊला फायरवॉलचे, म्हणजे नेटवर्कच्या वेशीवरच्या पहारेकऱ्याचे, लॉग (नोंदी) चाळताना माझी नजर एका ओळीवर अडली. सीएनसी, म्हणजे संगणकाच्या आज्ञेवर चालणाऱ्या, मशीनची देखभाल करणाऱ्या ठेकेदाराच्या खात्यावरून पहाटे २.१७ वाजता कोणीतरी व्हीपीएन, म्हणजे बाहेरून आमच्या नेटवर्कमध्ये शिरण्याची सुरक्षित वाट, जोडले होते. पासवर्ड बरोबर असल्यामुळे फायरवॉलने काहीच हरकत घेतली नव्हती. रात्रपाळीत मशीन अडले की ठेकेदाराची माणसे अशी जोडणी करतात, पण त्या रात्री कारखाना बंद होता.

पुढच्या ओळी वाचताना हातपाय गार पडले. त्या खात्याने मशीनकडे ढुंकूनही पाहिले नव्हते. काही मिनिटांतच त्याने नेटवर्कमधल्या दोनशेहून अधिक पत्त्यांवर ४४५ क्रमांकाचे पोर्ट, म्हणजे विंडोजच्या फाइल-वाटपाचे दार, ठोठावले होते आणि २.४० ला ते हिशेब विभागाच्या सर्व्हरवर पोहोचले होते.

मी आधी खाते बंद केले, सर्व्हरची केबल काढली आणि मग ठेकेदाराला फोन लावला. "साहेब, ते खातं ज्या मुलाकडे होतं, तो मार्चमध्येच सोडून गेला," पलीकडून उत्तर आले. त्यांनी आम्हाला कळवले नव्हते आणि आम्हीही कधी विचारले नव्हते. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार अशी घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावी लागते. आमचा अहवाल दुपारी दोनला गेला. पगारपत्रकांचे एक फोल्डर बाहेर गेले होते. त्यात कामगारांचे बँक खाते क्रमांक होते, ही गोष्ट मला आजही बोचते.

अशा घुसखोरीवर उपाय म्हणून सांगितली जाणारी 'झिरो ट्रस्ट' ही संकल्पना सुरक्षा-विश्लेषक जॉन किंडरव्हाग यांनी २०१० मध्ये मांडली. केवळ नेटवर्कच्या आत आहे म्हणून कोणावर विश्वास ठेवू नये आणि प्रत्येक साधनासाठीची परवानगी त्या-त्या वेळी तपासून द्यावी, हे अमेरिकेच्या निस्ट या मानके ठरवणाऱ्या संस्थेने ऑगस्ट २०२० च्या दस्तऐवजात स्पष्ट लिहिले आहे. मी तो वाचला होता, पण ते बँकांचे काम असे मानून बाजूला ठेवला होता. आमच्याकडे दिंडीदरवाजा ओलांडला की माजघरापासून कोठीपर्यंत सगळीकडे मुभा होती.

त्यानंतर आम्ही ठेकेदाराचे सामाईक खाते मोडून प्रत्येक तंत्रज्ञाला स्वतंत्र खाते दिले, ते नोंदणीकृत लॅपटॉपशी आणि मोबाइलवरच्या कोडशी बांधले, आणि परवानगी एका वेळी एकाच मशीनपुरती, दोन तासांसाठी ठेवली. खरी अडचण विंडोज एक्सपीवर चालणाऱ्या जुन्या कंट्रोलरची, म्हणजे मशीन चालवणाऱ्या संगणकांची, होती, कारण त्यांच्यावर नवे काही बसवता येत नाही. त्यांच्या प्रत्येक गटापुढे छोटी फायरवॉल लावावी लागली. देखभाल विभागाचे प्रमुख वैतागले होते. "अहो, रात्री मशीन अडलं आणि तुमच्या परवानगीला अर्धा तास लागला, तर उत्पादनाचं काय?" त्यांचे म्हणणे रास्त होते, म्हणून मंजुरीचा अधिकार रात्रपाळीच्या सुपरवायझरकडे दिला.

डिसेंबरमध्ये पहाटे १.५० ला पहिली विनंती आली. सुपरवायझरने तंत्रज्ञाला फोन करून खात्री केली, मग मंजुरी दिली. सकाळी मी लॉग उघडला तेव्हा त्या खात्यासमोर एकाच मशीनचा पत्ता होता, आणि ३.५० ला जोडणी आपोआप बंद झाली होती.