गाईने गाभ टाकला आणि मला ताप आला

आमच्या गाईने सातव्या महिन्यात गाभ टाकला. वार अडकली होती, ती मी उघड्या हातांनी ओढून काढली. बोटाला चीर होती. तीन आठवड्यांनी मला ताप सुरू झाला, पण या दोन गोष्टी एकमेकींना जोडलेल्या आहेत हे कळायला दोन महिने गेले.

सकाळी अंग थंड असायचं, वाटायचं, गेला एकदाचा. संध्याकाळी हुडहुडी भरायची आणि रात्री घामाने अंथरूण भिजायचं. आठवडाभर ताप उतरायचा, पुन्हा चढायचा. कंबरेच्या खाली उजवीकडे इतकं दुखायचं की कूस बदलताना श्वास रोखून धरावा लागे. मलेरिया, टायफॉइड, क्षय, सगळ्या तपासण्या झाल्या. अँटिबायोटिकचे दोन छोटे कोर्सही झाले. थोडं बरं वाटायचं, मग पुन्हा तेच.

तिसऱ्या डॉक्टर बाईंनी विचारलं, "घरी जनावरं आहेत? एखादी गाभडली का?" मला रडूच आलं. इतके दिवस हे कुणी विचारलं नव्हतं, आणि मलाही सांगायचं सुचलं नव्हतं. त्यांनी तपासणीच्या चिठ्ठीवर 'ब्रुसेलोसिसचा संशय' असं ठळक लिहिलं. हा जनावरांकडून माणसाला लागणारा जंतूंचा आजार. ठळक लिहिलं, कारण कल्चर, म्हणजे तपासणीसाठी वाढवलेले जंतू, हाताळताना ते प्रयोगशाळेतल्या माणसांनाही श्वासावाटे लागतात.

निदान पक्कं झालं. कंबरेच्या सांध्याला सूज होती, म्हणून नेहमीच्या ६ आठवड्यांऐवजी मला १२ आठवडे डॉक्सिसायक्लिन आणि रिफॅम्पिसिन घ्यावं लागलं. रिफॅम्पिसिनने लघवी केशरी होते. आधी सांगितलं होतं म्हणून घाबरलो नाही. ताप दहा दिवसांत गेला. अवघड होतं ते त्यानंतर, बरं वाटत असताना रोज गोळ्या घेणं. पण हे जंतू आपल्याच पेशींच्या आत दडून राहतात आणि औषध मध्येच सोडलं की उलटतात.

त्या काळात वाचलं, की माल्टा बेटावर १८८७ साली डेव्हिड ब्रूस या डॉक्टरांनी हे जंतू शोधले, पण ते शेळ्यांच्या दुधातून येतात हे उमगायला १९०५ साल उजाडलं. शेळ्या धडधाकट दिसत होत्या. आमची दुसरी गायही तशीच होती, ठणठणीत. तपासणीत तिलाही लागण निघाली. तिचं दूध आम्ही कच्चंच पीत होतो. घरातल्या सगळ्यांचं रक्त तपासून घेतलं. आईचा अहवाल येईपर्यंत मला झोप लागली नाही. तिला काही नव्हतं.