गाडी आली की घंटा

अमृतमहोत्सवाच्या या स्मरणिकेत हेडमास्तरांवर आणि संस्थाचालकांवर लिहिणारे पुष्कळ असतील. लिहावंच. मला लिहायचंय ते शिपाई तात्यांवर. गेल्या वर्षी तात्या गेले. नव्वदी ओलांडली होती, शेवटपर्यंत हिंडते-फिरते होते. मातीला बार्शीतले लोक होतेच, पण आसपासच्या गावांतून आलेली आमच्या वयाची, पांढऱ्या केसांची माणसं जास्त होती. त्याला कारण आहे.

शाळा अकराला भरते असं वेळापत्रकात लिहिलेलं असायचं. खरं म्हणजे ती गाडी आली की भरायची. आत्ताच्या मुलांना ही गाडी ठाऊक नसेल. बार्शी लाइट! 1897 साली ती कुर्डुवाडी-बार्शी धावायला लागली आणि 1911 मध्ये लातूरला पोचली. दोन रुळांत अंतर अवघं अडीच फूट. चढाला लागली की उतरून बोरं तोडावीत आणि पुढच्या डब्यात चढावं, असं लोक चेष्टेनं म्हणायचे. आमच्यातले काहीजण खरोखर तसं करायचे. आम्ही शेंद्रीकडची पोरं तिचे पासवाले. कुर्डुवाडीला मोठ्या लाइनीवरच्या गाडीसाठी ती थांबून राहिली, की तिकडच्या उशिराचा मार आमच्या हजेरीला बसायचा. निदान बसायला हवा होता.

घंटा म्हणजे रुळाचाच हातभर तुकडा, व्हरांड्याच्या वाशाला तारेनं टांगलेला. अकराला दोन-तीन मिनिटं कमी असताना तात्या हातोडी घेऊन तिच्याखाली उभे राहायचे. गाडीची शिट्टी ऐकू आलेली नसली, की हातोडी भिंतीला टेकवून कमरेची चंची सोडायचे. डाव्या तळहातावर तंबाखू घ्यायची. त्यातली देठं वेचायची, एकेक करून, लांबून बघितल्यासारखी तपासून. चुन्याची डबी नखानं उघडायची, चुना जास्त झाला म्हणून थोडा परत डबीत घालायचा. मग मळायला सुरुवात. तोवर हेडसर ऑफिसच्या दारात येऊन मनगटावरच्या घड्याळाकडे बघायचे.

"तात्या, अकरा वाजले."

"व्हय सर. हात चुन्याचा हाय, हातोडीला लागंल."

हातोडीला चुना लागल्यानं काय बिघडतं, हे आजतागायत कुणाला कळलेलं नाही. पण आम्ही धापा टाकत कोपऱ्यावर दिसलो, की ती तंबाखू एका क्षणात दाढेखाली जायची आणि दणादण टोले पडायचे. आम्ही प्रार्थनेच्या रांगेत.

याचा अर्थ तात्या मऊ होते असा कुणी घेऊ नये. गावातलं पोरगं घंटेनंतर आलं, तर फाटकाची कडी त्याच्या तोंडावर लागायची. "तुझं घर हितं नाक्यावर. तुला कुठली गाडी लागती रं?" गाडीवाल्यांना सवलत होती, पण शिव्या आम्हालाही कमी नव्हत्या. "पळ की लेकरा, पायाला काय मेंदी लावलीया?" ही त्यातली छापण्यासारखी.

1972 चा दुष्काळ आमच्या वर्गानं शाळेत असताना पाहिला. घरात रेशनचा तांबडा मिलो, आया खडी फोडायला, आणि शाळेत सुकडी. भाजलेल्या पिठाची, गुळाची ती सुकडी तात्या डब्याच्या झाकणानं मोजून वाटायचे. वाटताना ओरडायचे, "गाडीवाली पोरं शेवटाला!" आम्हाला त्याचा फार राग यायचा, कारण सकाळी सगळ्यांत आधी घर सोडणारे आम्ही आणि रांगेत शेवटी आम्हीच. पण सगळ्यांचं वाटून झालं, की पोत्याच्या तळाशी उरलेलं ते आमच्या रिकाम्या डब्यांत दाबून भरायचे. घरी धाकटी भावंडं आहेत, हे त्यांना सांगावं लागलं नव्हतं. कुणाच्या घरी किती तोंडं, हे त्या माणसाला हजेरीपटापेक्षा नेमकं ठाऊक असे.

1975 ला आमची दहावी, नव्या पद्धतीची पहिली. त्याच वर्षी जुन्या अकरावीची शेवटची तुकडी. त्या गोंधळात वर्गावर्गांतून बाकं वाहून तात्यांची पाठ धरली, एवढंच मला आठवतं.

पुढे गाडी गेली. 2008 पर्यंत कुर्डुवाडी-लातूर ब्रॉडगेज झाली. निवृत्त तात्या नव्या गाडीनं एकदा लातूरला जाऊन आले आणि त्यांनी निकाल दिला, "पळती लई. खिडकीतनं कोण हाय, कोण न्हाई, काय दिसत न्हाई."

आमच्या बॅचच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सध्या वाद चालू आहे, की हेडसरांना हे तंबाखूचं नाटक कळत होतं का. माझं मत आहे, कळत होतं. लेखी सवलत दिली असती तर वर जाब द्यावा लागला असता. दारात उभं राहून घड्याळ बघण्याला जाब नव्हता. शिवाय आमच्या येण्याआधी सरांनी दुसऱ्यांदा हाक मारलेली कुणालाच आठवत नाही. ग्रुपवरचा एकजण मात्र हटून बसलाय, की हे सगळं आम्ही रचलेलं आहे आणि शाळेची घंटा रोज अकराच्या ठोक्यालाच व्हायची. त्याचं घर नाक्यावर होतं.