टाकी-मीटर, नोंद ६: आयडीईत पास, बाहेर नापास

टाकीतलं पाणी सेन्सरने मोजून पडद्यावर टक्क्यांत दाखवणारं मीटर मी आर्डुइनो ऊनो या छोट्या, प्रोग्राम करता येणाऱ्या बोर्डावर करतोय. गेल्या नोंदीत म्हटलं होतं की या वेळी मोटरचा रिले (मोटर चालू-बंद करणारा स्विच) जोडून दाखवतो. रिले अजून पुडीतच आहे. दोन रविवार वेगळ्याच भानगडीत गेले, आणि ती भानगड रिलेपेक्षा कामाची निघाली.

झालं असं, की कोल्हापूरच्या भाच्याला त्यांच्या गच्चीवरच्या टाकीसाठी हेच मीटर करायचं होतं. मी अख्खं फोल्डर झिप करून पाठवलं. अर्ध्या तासात फोन.

"मामा, तुझा कोड कंपाईलच होत नाही."

"अरे, माझ्याकडे आत्ता होतोय. बोर्ड कुठला निवडलास?"

"ऊनोच. चाळीस एरर आहेत."

कंपाईल म्हणजे लिहिलेल्या कोडचं बोर्डाला कळेल अशा रूपात भाषांतर; ते करतो तो कंपायलर. भाचा उबुंटूवर (म्हणजे लिनक्सवर) व्हीएस कोडमध्ये प्लॅटफॉर्म-आयओ हे साधन वापरतो. मी विंडोजवर आर्डुइनो आयडीई, म्हणजे कोड लिहून बोर्डावर चढवायचं आर्डुइनोचं स्वतःचं सॉफ्टवेअर. त्याने माझ्या तिन्ही आयएनओ (आर्डुइनो कोडच्या) फायलींचं एक्स्टेन्शन बदलून सीपीपी (साध्या सी++ कोडचं) केलं आणि एसआरसी फोल्डरमध्ये टाकल्या. मी असतो तर मीही तेच केलं असतं.

पहिली अडचण हास्यास्पद. हेडर फाईलच (जी 'इन्क्लूड'च्या ओळीने दुसऱ्या फायलींत ओढून घेतात ती) सापडेना. फाईलच्या नावात 'टाकी'चा टी कॅपिटल, इन्क्लूडच्या ओळीत मात्र मी तो स्मॉल लिहिलेला. विंडोजला ही दोन्ही नावं सारखीच, लिनक्सला दोन वेगळ्या फायली. दोन वर्षं ती ओळ माझ्या डोळ्यांसमोर होती.

ते सुधारल्यावर खरा पूर आला. 'सीरियल' ओळखत नाही, 'पिनमोड' ओळखत नाही (ही आर्डुइनोची तयार नावं), आणि माझं स्वतःचं 'पाणीमोजा' हे फंक्शनसुद्धा (नाव दिलेला कोडचा तुकडा) ओळखत नाही. फंक्शन त्याच फाईलमध्ये, वीस ओळी खाली, ढळढळीत दिसतंय!

इथे मी मागचे सगळे प्रयोग थांबवून एकच गोष्ट केली. आयडीईच्या प्रेफरन्सेसमध्ये कंपाईलच्या वेळचं व्हर्बोज (सविस्तर) आउटपुट चालू केलं. खालच्या काळ्या खिडकीत लांबलचक ओळी धावल्या, त्यात एका तात्पुरत्या फोल्डरचा पत्ता होता. तिथे माझ्या स्केचच्या (आर्डुइनोत प्रोग्रामला स्केच म्हणतात) नावाची, शेवटी 'डॉट आयएनओ डॉट सीपीपी' असलेली एक फाईल सापडली. ती उघडली आणि दोन मिनिटं नुसता बघत बसलो. कंपायलरकडे जात होती ती ही फाईल. मी लिहिलेली नव्हेच.

तिच्यात वरच 'आर्डुइनो डॉट एच' इन्क्लूड केलेलं. मी ते कधीच लिहिलं नव्हतं. मग माझ्या तिन्ही टॅब (त्याच तीन आयएनओ फायली) एकाखाली एक चिकटवलेल्या: आधी फोल्डरच्या नावाची मुख्य फाईल, मग बाकीच्या अक्षरक्रमाने, म्हणजे मोटर आणि त्यानंतर स्क्रीन. आणि पहिल्या फंक्शनच्या बरोब्बर वर माझ्या सगळ्या फंक्शन्सची प्रोटोटाईप्स (असं फंक्शन पुढे येणार आहे हे आधीच सांगणाऱ्या ओळी), एका रांगेत. मधे मधे '#लाईन'च्या ओळी पेरलेल्या, त्यामुळे एरर आला तरी आकडा माझ्या मूळ फाईलमधल्या ओळीचा दिसतो आणि आपल्याला पत्ताच लागत नाही की मधे कुणी हात फिरवलाय.

आयडीईला नावं ठेवत नाही मी. याच सोयीमुळे मी पहिल्याच संध्याकाळी एलईडी लुकलुकवू शकलो. पण आई डब्यात लोणच्याची फोड न सांगता ठेवते आणि हॉस्टेलला गेल्यावर कळतं जेवण असं बेचव का लागतंय, त्यातला हा प्रकार.

एकदा ती फाईल पाहिल्यावर बाकीचं सरळ होतं. भाच्याला सांगितलं, प्रत्येक सीपीपीच्या माथ्यावर 'आर्डुइनो डॉट एच' घाल, आणि फंक्शन्सची प्रोटोटाईप्स 'टाकी'च्या हेडरमध्ये लिही. चाळीसाचे सहा एरर झाले. राहिलेले सगळे 'टाकीउंची' या ग्लोबल व्हेरिएबलचे (टाकीची उंची साठवणारं, सगळ्या फंक्शन्सना वापरता येणारं नाव). माझ्याकडे तीन टॅब मिळून एकच फाईल होत असल्याने मुख्य टॅबमधलं ते व्हेरिएबल सगळ्यांना दिसायचं. त्याच्याकडे तीन फायली सुट्या कंपाईल होतात. त्याने हुशारीने ते उचलून हेडरमध्ये टाकलं, तर कंपायलर गप्प झाला आणि लिंकर (सुटे कंपाईल झालेले तुकडे जोडणारा प्रोग्राम) ओरडायला लागला: 'मल्टिपल डेफिनिशन'. हेडर तीन ठिकाणी इन्क्लूड, म्हणून व्हेरिएबलही तीनदा जन्माला आलं. इन्क्लूड गार्ड (हेडर दोनदा घुसू न देणारी तजवीज) इथे कामाला येत नाही, तो एकाच फाईलपुरता राखण करतो. हेडरमध्ये 'एक्स्टर्न' लावून नुसती ओळख द्यायची आणि खरी व्याख्या एकाच सीपीपीत ठेवायची, मग मिटलं.

उलटा अनुभवही याच दिवसात आला. 'वाचन' नावाचं एक स्ट्रक्ट (अनेक किमतींचा एकत्र बांधलेला गठ्ठा) मी दोन फंक्शन्सच्या मधे लिहिलं आणि खालच्या फंक्शनला ते पॅरामीटर म्हणून दिलं. भाच्याकडे चाललं, माझ्या आयडीईत अडलं! कारण आयडीईने प्रोटोटाईप नेऊन ठेवलं पहिल्या फंक्शनच्या वर, आणि तिथे स्ट्रक्टचा अजून जन्मच झालेला नाही. स्ट्रक्ट हेडरमध्ये हलवलं, दोन्हीकडे सुरळीत.

शेवटचा काटा एलसीडीचा. आयटूसी (दोन तारांवर माहिती पाठवायची पद्धत) एलसीडीच्या एकाच नावाच्या लायब्रऱ्या (तयार कोडचे संच) बाजारात अनेक आहेत. माझी 'इनिट'ने सुरू होते, त्याने उतरवली ती 'बिगिन' मागत होती. हेडरचं नावही तेच, म्हणून शंका यायला वेळ लागला. आता त्याच्या प्लॅटफॉर्म-आयओच्या आयएनआय (सेटिंग्जच्या) फाईलमध्ये लायब्ररी आवृत्तीसकट लिहून टाकली आहे. मी माझ्याकडे आर्डुइनो-सीएलआय (आयडीईचंच काम आज्ञा टाईप करून करणारं साधन) बसवलं. त्यात कंपाईलला 'प्रीप्रोसेस' हा पर्याय दिला की तीच लपलेली फाईल थेट पडद्यावर येते, तात्पुरती फोल्डरं धुंडाळावी लागत नाहीत. आता कुणाला झिप पाठवण्याआधी फोल्डर दुसऱ्याच जागी कॉपी करून तिथून एकदा सीएलआयने कंपाईल करतो.

काल रात्री नऊला त्याच्याकडे बिल्ड झाला, ऊनोवर चढला, एलसीडी पेटला. त्याने फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, "मामा, आमच्या टाकीत वजा २७ टक्के पाणी आहे."

पाणी आज येणार होतं, टाकी रिकामी. सेन्सरने तळापर्यंतचं १४० सेंमी अंतर बरोबर मोजलं होतं. 'टाकीउंची' मात्र अजून माझ्या टाकीचीच होती, ११० सेंमी.