खोली जवळची, डबा घरचा

मागच्या पोस्टखाली दोघी-तिघींनी विचारलं होतं की तुम्ही मुलांना घरीच शिकवता ते ठीक, पण मग तुम्ही "कॉन्फरन्सला" कशाला जाता आणि एका पगारात ते परवडतं कसं. तर आज त्या खर्चाबद्दलच लिहिते, कारण पहिल्या वर्षी आम्ही त्यात चांगलेच आपटलो होतो.

आधी थोडं बॅकग्राउंड. आम्ही अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलिना राज्यातल्या कॅरी गावात राहतो. इथे होमस्कूल म्हणजे कागदोपत्री तुमची स्वतःची शाळा असते, राज्याच्या नॉन-पब्लिक एज्युकेशन खात्याला कळवायचं, शाळेला नाव द्यायचं (आमच्या शाळेचं नाव मुलाने ठेवलंय, ते सांगत नाही), वर्षातले ९ महिने चालवायची आणि वर्षातून एकदा मुलांची प्रमाणित टेस्ट घ्यायची. पुस्तकं कुठली, गणित कसं शिकवायचं, हे सगळं आपलं आपण. म्हणून मे महिन्यात विन्स्टन-सेलमला राज्यातल्या होमस्कूलवाल्यांच्या एनसीएचई नावाच्या संस्थेची थ्राइव्ह नावाची कॉन्फरन्स असते तिला आम्ही जातो. गुरुवार ते शनिवार, भाषणं, आणि मोठ्ठा हॉल भरून पुस्तकंवाले. पुस्तक हातात घेऊन चाळता येतं ना, त्यासाठी मी जाते, ऑनलाइन फोटो बघून मागवलेली दोन गणिताची पुस्तकं आमच्याकडे तशीच कोरी पडलीयेत.

कॅरीहून विन्स्टन-सेलम साधारण १०० मैल, म्हणजे पुणे-मुंबई धरा. रोज जाऊन येऊन करू असं नवरा म्हणाला होता, त्याला म्हटलं तू एकदा दोन मुलांना मागे बसवून पुणे-मुंबई-पुणे सलग तीन दिवस करून दाखव.

पहिल्या वर्षी मी जे केलं ते बहुतेक सगळे करतात. कॉन्फरन्स भरते त्या कन्व्हेन्शन सेंटरला लागून असलेलं हॉटेल महाग दिसलं म्हणून गावाबाहेर हायवेवर रात्रीला ८२ डॉलरची खोली घेतली. दोन रात्री, त्यावर सेल्स टॅक्स आणि ऑक्युपन्सी टॅक्स (हॉटेलात राहण्यावरचा कर) मिळून १३ टक्के (हा टॅक्स बुकिंगच्या वेळी दिसणाऱ्या भावात नसतो, लक्षात ठेवा), झाले १८५. खूश होते मी! मग रोज डाउनटाउनला पार्किंग १० डॉलर. आणि मग जेवण. दुपारी साडेबाराला भाषण संपतं, मुलं भुकेने रडवेली, खोली १२ मैलांवर, बाहेरचं खाणं आत न्यायचं नाही असा बोर्ड, आणि आतल्या स्टॉलवर शाकाहारी म्हणजे चीज पिझ्झा आणि चिप्स. रात्री पुन्हा दमलेलो म्हणून बाहेरच. चौघांचं तीन दिवसांचं खाणं २१८ डॉलर झालं आणि त्यात धड जेवण एकही नाही. एकूण ४३३. शिवाय धाकटी दुपारी झोपली नाही की संध्याकाळी काय होतं हे आयांना सांगायला नको.

घरी येऊन बिलं मांडली तेव्हा ट्यूब पेटली, राहण्याचा खर्च वेगळा आणि खाण्याचा वेगळा असं आपण धरतो ना, तिथेच चुकतो. लांबच्या खोलीत जे वाचलं ते सगळं पिझ्झ्यात गेलं.

दुसऱ्या वर्षी उलटं केलं. चालत जाता येईल अशा हॉटेलात खोली घेतली. कॉन्फरन्सवाल्यांनी हॉटेलशी बोलून काही खोल्या ग्रुप रेटने धरून ठेवलेल्या असतात, त्याला रूम ब्लॉक म्हणतात, त्यांची लिंक आली की त्याच आठवड्यात बुक करायचं. ह्या खोल्या ठराविक तारखेपर्यंतच त्या भावात मिळतात आणि बऱ्याचदा त्याआधीच संपतात. आणि रद्द करता येणारंच बुकिंग घ्या, चार डॉलर स्वस्त म्हणून नॉन-रिफंडेबल घेऊ नका, मुलं नेमकी आदल्या दिवशी तापतात. मला रात्रीला १३९ ने मिळाली, टॅक्ससकट ३१४. खोलीत फ्रिज आणि मायक्रोवेव्ह आहे ना हे वेबसाइटवर न बघता फोन करून विचारलं. काही ठिकाणी मागितला तरच मायक्रोवेव्ह वर पाठवतात.

एअरबीएनबी का नाही, असं विचाराल. बघितलं होतं. दोनच रात्रींसाठी क्लिनिंग फी आणि सर्व्हिस फी लागून भाव हॉटेलच्या वर जातो, चार-पाच रात्री असतील तर किंवा तीन कुटुंबं मिळून घर घेत असाल तर गोष्ट वेगळी.

आता खरा विषय, डबा. खोलीत शेगडी किंवा हॉट प्लेट चालत नाही आणि चालत असती तरी फोडणी घातली की स्मोक अलार्म ठणाणा करणार. तेव्हा गॅसशिवाय काय काय होतं ह्याचा विचार केला आणि आजी आठवली. दडपे पोहे! पातळ पोहे, कांदा, कोथिंबीर, फ्रोझन ओला नारळ, लिंबू, आणि फोडणी घरूनच करून छोट्या बाटलीत. अर्धा तास झाकून ठेवा, काम झालं. कांदा घरीच चिरून डब्यात घट्ट बंद करून नेते, खोलीत वास राहिला की नंतर उगाच अपराधी वाटतं. दुधातल्या दशम्या दोन दिवस मजेत टिकतात, सोबत शेंगदाण्याची चटणी. तिखटमिठाच्या पुऱ्या गाडीत. रात्री ९० सेकंदांत गरम होणारं भाताचं पाकीट मायक्रोवेव्हमध्ये, त्यावर मेतकूट-तूप नाहीतर दही. दही, काकडी, केळी, दूध तिथल्या आल्डी ह्या स्वस्त किराणा दुकानातून घेतलं (ट्रॉलीसाठी एक क्वार्टर, म्हणजे २५ सेंटचं नाणं, खिशात ठेवा). आणि घरची इलेक्ट्रिक किटली न्याच, हॉटेलच्या कॉफी मशीनमधल्या गरम पाण्याला कायम कॉफीचा वास येतो, त्यात चहा म्हणजे दुर्दैव.

ब्रेकफास्ट खोलीच्या भाड्यातच असेल तर पोटभर खा. पण पर्समध्ये मफिन भरू नका हो. एकाने जाताना एक केळं उचललं तर ठीक, मी एका सकाळी आपल्याच एका ताईंना अख्खी बॅग भरताना बघितलंय आणि मीच दुसरीकडे बघायला लागले.

तर दुपारी भाषण संपलं की पाच मिनिटांत खोलीवर, जेवण, धाकटी झोपली, आणि आम्ही एकेक करून खाली हॉलमध्ये. त्या वर्षी खाणं ५२, पार्किंग २४, एकूण ३९०. म्हणजे वाचले किती तर ४३ डॉलर. नवरा म्हणाला एवढ्यासाठी एवढी दगदग? मी म्हटलं दगदग मागच्या वर्षी होती.

पण खरी बचत तिसऱ्या वर्षी झाली आणि तिची युक्ती अशी की नवऱ्यांना घरी ठेवा. मी आणि माझी नाशिकची एक मैत्रीण, माझी दोन मुलं, तिची एक मुलगी, सोफा-बेडवाली मोठी खोली. पाच जण चालतील ना हे आधी विचारून घेतलं, लपवून पाचवं माणूस ठेवायचं नाही. भाव १४६ झाला होता, टॅक्ससकट ३३०, माझ्या वाट्याला १६५. एक गाडी, पार्किंग १२. खाणं ४०, कारण तिने मुगाचे लाडू आणि सांडगी मिरच्या आणल्या होत्या. एकूण २१७, पहिल्या वर्षीच्या निम्मे. आणि एक जण भाषणाला, एक जण मुलांकडे, असं आलटून पालटून केल्यामुळे पहिल्यांदाच मी अख्खं भाषण बसून ऐकलं. मुलं एकमेकांत रमली ते वेगळंच, अर्थात रात्री अकरापर्यंत झोपली नाहीत.

संध्याकाळी फुकट काय करायचं तर ओल्ड सेलममध्ये फिरायचं. मोरेव्हियन ह्या ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी १७६६ साली वसवलेलं गाव आहे, आतली घरं बघायला तिकीट, पण रस्त्यांवरून हिंडायला काही लागत नाही. तिथल्या विंकलर बेकरीत बारीक पापडासारखी मसालेदार बिस्किटं मिळतात, एक डबा घेतला, आमच्या मुलाला ती "गोड पापड" वाटतात. आणि क्रिस्पी क्रीम हे डोनटवालं दुकान ह्याच गावात १९३७ मध्ये सुरू झालं, त्यामुळे डोनट न खाता परत यायचं हे मुलांना मान्यच नाही. तो खर्च मी वरच्या हिशोबात धरलेला नाही, कबूल.

आता मैत्रिणीच्या ओळखीची अजून एक जण पुढच्या मे मध्ये यायचं म्हणतेय, तिला दोन मुलगे. म्हणजे आठ जणांना दोन खोल्या लागणार, मधे दार असलेल्या मिळतात का ते विचारायला हॉटेलला फोन करायचाय, आणि कोणाकडे तरी मोठी किटली आहे का तेही.