चाळीस नऊवाऱ्या आणि एक मशीन

"चाळीस आहेत म्हटल्यावर काहीतरी कमी करा ना, ताई." लेझीम पथकातल्या तिघी जणी साड्यांच्या बॅगा घेऊन माझ्या कटिंगच्या टेबलाशी उभ्या होत्या. डोंबिवलीत १९९९ पासून पाडव्याला नववर्ष स्वागतयात्रा निघते, त्यामुळे माघ सरता सरता माझ्याकडे नऊवाऱ्यांचा ढीग लागतोच. पण एकगठ्ठा चाळीस पहिल्यांदाच आल्या. मशीन एक, शिवणारी एक.

साडीचा दुकानदार घाऊक मालावर सूट देतो, ते ठीक. शिलाईचं तसं नाही. पेशवाई नऊवारीला मला साधारण चार तास लागतात, आणि चाळिसाव्या नगालाही तेवढेच. वर नेहमीची गिऱ्हाइकं परत पाठवायची, म्हणजे मोठी ऑर्डर मला महागच. हे मी तोंडावर सांगितलं. एकीने लगेच दुसऱ्या टेलरचं नाव काढलं. काढू दे.

वेळ जातो तो मापात आणि ट्रायलमध्ये. कोणाला ओचा वर हवा, कोणाला कंबर सैल. म्हणून म्हटलं, सूट देते, पण चाळीस मापं घेणार नाही. उंचीचे तीनच साइज, ३६, ३८, ४० इंच, आणि कमरेला नाडी. ट्रायल प्रत्येक साइजच्या एकाच नगाची. फॉल-पिको खालच्या मजल्यावरच्या काकू नगावर करतील. काष्टा मात्र मीच लावणार. मागचा काठ दोन बोटं सरकला तरी बाई पाठमोरी वाकडी दिसते, आणि मिरवणुकीत पाठमोरे फोटो काय कमी निघतात?

"तुमच्याकडे अंगाला चोख बसते म्हणून तर आलो!" मी कपाटातली नमुन्याची नऊवारी काढून त्यांच्यातल्या सर्वांत जाड आणि सर्वांत बारीक बाईला आळीपाळीने घालायला लावली. नाडी आवळली की दोघींनाही बसत होती. तरी खेळून बघितल्याशिवाय त्या मानेनात. माझ्या एवढ्याशा खोलीत, इस्त्रीचं टेबल भिंतीला सरकवून, बैठका मारून झाल्या. काष्टा जागचा हलला नाही.

नगामागे दीडशे कमी केले, निम्मे पैसे आगाऊ घेतले. पाच जणींना स्वतःच्या मापाचीच हवी होती, त्यांना पूर्ण भाव सांगितला. दोघींनी दिला, तिघी मुकाट्याने ३८ मध्ये आल्या.

यंदा आणखी दोन पथकांचे फोन आले, एकालाच हो म्हटलं. दुसऱ्या पथकाच्या बाई म्हणाल्या, हाताखाली मुलगी का ठेवत नाही? ठेवणार आहे. पण काष्टा शिकवायचा तर पितृपक्षात, कोणी नवं शिवायला टाकत नाही तेव्हा. फाल्गुनात नाही.