आमची वाटचाल : रेडिओपासून एसएमपीएसपर्यंत

वडिलांनी दांडिया बाजारात दुकान घातलं ते रेडिओ-टेप दुरुस्तीचं. पण बडोद्यात राहून नवरात्र कुणाला टळलीय? गरब्याच्या ऑर्केस्ट्रावाल्यांचे अॅम्प्लिफायर यायला लागले आणि रेडिओ मागे पडले. तेव्हाच्या मशीनला जड लोखंडी ट्रान्सफॉर्मर असायचा. घरघर १०० हर्ट्झची असली तर बाबा नुसत्या कानाने सांगायचे, फिल्टर कंडेन्सर गेलाय. ५० ची असली की आधी अर्थिंग बघायचे.

मग बास गिटारवाल्यांकडे एसएमपीएसचे, म्हणजे जड ट्रान्सफॉर्मरऐवजी वीज फार वेगाने चालू-बंद (स्विचिंग) करणाऱ्या पॉवर सप्लायचे, हलके अॅम्प आले आणि बरेच कारागीर ‘बोर्ड बदला’ म्हणून मोकळे झाले. त्यांचंही चूक नाही. आत सव्वातीनशे व्होल्ट डीसी असतो आणि स्विच बंद केल्यावरही तो कंडेन्सरमध्ये बसून राहतो. मी मशीन मेनपासून वेगळं ठेवणारा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर आणि विजेची लहर स्क्रीनवर दाखवणारा स्कोप घेतला. बाबा म्हणाले, ‘‘एवढ्यात दुसरं दुकान झालं असतं.’’

आमच्याकडे मशीन उघडण्याआधी ऐकतात. स्पीकर काढूनही बारीक शीळ येत असेल तर ती फेराइट (सप्लायमधल्या छोट्या ट्रान्सफॉर्मरचा गाभा) किंवा कॉइलची. स्पीकरमधून येत असेल तर रिटर्नच्या जॅकमध्ये, म्हणजे जिथून सिग्नल थेट पॉवर अॅम्पला जातो तिथे, शॉर्ट केलेली पिन घालायची. आवाज गेला तर प्रीअँपकडे, म्हणजे त्याआधीच्या भागाकडे, वळायचं. बरीच मशीनं न उघडताच परत जातात, कारण खोट मैदानावरच्या जनरेटरच्या अर्थिंगमध्ये असते. अर्थ नसला की मेन आणि चेसिसमध्ये जोडलेल्या वाय-कंडेन्सरमुळे चेसिसला हात लावताच मुंग्या येतात, आणि नाव एसएमपीएसचं खराब होतं. अशा वेळी फक्त चेकिंगचे पैसे घेतो. यात धंदा बुडेल असं घरच्यांना वाटायचं. उलट त्याच लोकांनी गिऱ्हाइकं पाठवली.

एक वादक म्हणाला, ‘‘काका, मी थांबलो की हा गायला लागतो.’’ निम्मं निदान त्यानेच केलं. वाजवताना लोड असतो, स्विचिंग कानाच्या टप्प्यापलीकडे चालतं. लोड उतरला की कंट्रोलर मधले पल्स गाळतो आणि उरलेले झुंडीने येतात. ती झुंड कानाला ऐकू येते. आउटपुटचे कंडेन्सर धड असले तर ते हे पचवतात. याच्या कंडेन्सरचे मायक्रोफॅरड (क्षमता) मीटरवर बरोबर, पण ईएसआर, म्हणजे आतला रोध, भलताच चढलेला. शिवाय त्यांना चिकटवलेला पिवळा गोंद तापून तपकिरी झाला होता. असा गोंद करंट वाहायला लागतो. तो खरवडला, १०५ डिग्रीचे कमी ईएसआरवाले कंडेन्सर घातले. स्कोपवर बघताना प्रोबची लांब अर्थ वायर काढून आखूड स्प्रिंग लावली, नाहीतर ती वायरच अँटेना होते आणि नसलेला नॉइझ दिसतो. स्क्रीनवरच्या झुंडी एकदम बसल्या.

आता कामाला हाताखाली मुलं आहेत. तरी नवरात्रीच्या दिवसांत आवाजाची तक्रार असलेला एसएमपीएस आम्ही घेत नाही. लोडवर तापवून, मग नुसता चालू ठेवून ऐकल्याशिवाय मशीन द्यायचं नाही असा नियम आहे, आणि त्या दिवसांत आमच्या रस्त्यावर काही ऐकू येईल तर शपथ.