तिसरी वही : पायांचा हिशेब

स्केचची तिसरी वही परवा भरली. ऐंशी पानं, त्यातली एकसष्ट जनावरांची. जानेवारीत ठरवलं होतं की आमच्या कॉलेजच्या आवारातल्या पुतळ्या-चित्रांतलं एकेक जनावर चारही बाजूंनी काढायचं. दोन चितळं, एक सांबर, एक वाघ, महादेवाच्या देवळीपुढचा नंदी, भिंतीवर रंगवलेला उधळता घोडा आणि कचरापेटीचे चार पेंग्विन. पेंग्विनांचं विशेष कौतुक वाटतं मला. पंचेचाळीस अंशांच्या उन्हात चोच वासून, पोटावर 'मला वापरा' लिहून उभे असतात बिचारे.

ठरवल्यातलं निम्मंच झालं. कारण एकच, पाय. मागच्या वहीत तोंडं जमायला लागली, शिंगं जमली, पण पायांपाशी आलो की हरणाचं स्टूल होतं. मी आपला हाताला दोष देत होतो. रोज सकाळी साडेसहाला, ऊन चढायच्या आत, चितळासमोर बसायचं आणि खोडायचं. (रंग घेऊन जाणं एप्रिलपासूनच बंद केलंय. आमच्याकडच्या हवेत पातळ रंगाचा वॉश पसरायच्या आत वाळतो. मग 4बी पेन्सिल आणि खोडरबर, बस.)

बाविसाव्या दिवशी कळलं की चूक माझी नव्हती, चितळाची होती.

हरीण, घोडा, बैल, कुत्रं यांच्या मागच्या पायात उलटा वाकलेला जो गुडघा दिसतो, तो गुडघा नसतोच. तो घोटा. तिथे मागे निघालेलं टोक म्हणजे टाच. खरा गुडघा वर, पोटाला लागून, कातडीत दडलेला. म्हणजे ही जनावरं कायम चवड्यांवर उभी असतात. आमच्या कारागिराने मात्र मागचा पाय माणसासारखा, मधोमध पुढे वाकवला होता. मी रोज तेच प्रामाणिकपणे काढत होतो आणि कागदावर स्टूल येत होतं. घरी जाताना शेजारच्या गोठ्यातल्या गोऱ्ह्याचा मागचा पाय पाच मिनिटं पाहिला. तिथे सगळं जागच्या जागी होतं.

त्या दिवसापासून मी पुतळे बघताना एकच बघतो : पायांचं काय केलंय?

बहुतेकांनी पळवाट काढलीय. नंदी बसवून टाकला की चारातले तीन पाय पोटाखाली जातात, पुढचा एक नीट घडवला की झालं. वाघ गवतात उभा. सिमेंटचंच गवत, हिरवा ऑइल पेंट मारलेलं, गुडघाभर. पेंग्विनाचा प्रश्नच नाही. आणि हेमाडपंती देवळाच्या उंबऱ्यावरचं कीर्तिमुख तर या सगळ्यांचा बाप. त्याने स्वतःचं धड, पाय सगळं खाऊन फक्त तोंड ठेवलं. कथेत ती शंकराची आज्ञा असते, मला तो पाथरवटाचा शहाणपणा वाटतो.

फेब्रुवारीत एका रविवारी चाळीसगावच्या बाजूला गेलो. पाटणादेवी मला आवडते ती जंगलासाठी, पण आपल्या वहीच्या हिशेबानेही ती जागा सोडता येत नाही. पाटणे गावात सापडलेल्या शिलालेखात, शके ११२८ मध्ये, भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढल्याची नोंद आहे. भाऊ दाजी लाडांनी तो लेख उजेडात आणला. सिद्धांतशिरोमणी शिकवायला जमीन आणि उत्पन्न लावून दिलेली जागा, म्हणजे हेही एक कॉलेजचं आवारच की. कॉलेजांची तपासणी करणारं नॅक नव्हतं एवढंच.

तिथून पुढे पितळखोऱ्याच्या लेण्यांना गेलो. जिल्हा आपला नाही, कन्नड तालुका लागतो, पण डोंगर तोच. चौथ्या लेण्याच्या जोत्यावर हत्तींची रांग आहे. बऱ्याच सोंडा गेल्यात, तरी रांग बघताना चालण्याचा भास होतो. सगळे समोरून कोरलेले, जोत्यातून अर्धे बाहेर आलेले. मागचे पाय दगडात. म्हणजे पळवाट इथेही आहे, पण ती पळवाट वाटत नाही. हत्ती अजून बाहेर यायचेत असं वाटतं. मी तिथे दोन तास बसलो आणि पाच स्केचेस केली. त्यातलं चौथं बरं आहे. डबा उघडेपर्यंत माकडाने दशम्या नेल्या, ते जाऊ द्या.

हत्तीचा एक फायदा कोणी काढणार असेल तर सांगून ठेवतो. त्याचा मागचा गुडघा खाली असतो आणि माणसासारखाच पुढे वाकतो. म्हणून हत्ती मागून ढगळ पायजमा घातलेल्या म्हाताऱ्यासारखा दिसतो. माणसाचा पाय येत असेल तर हत्तीचा येतो. सुरुवात घोड्यापासून करू नका.

घोड्याचं म्हणाल तर आमचा भिंतीवरचा घोडा पुढचे दोन्ही पाय पुढे आणि मागचे दोन्ही मागे ताणून हवेत आहे. शतकानुशतकं चित्रकार असंच काढत आले. १८७८ मध्ये छायाचित्रकार एडवर्ड मायब्रिजने ओळीने कॅमेरे लावून धावत्या घोडीचे फोटो काढले, तेव्हा दिसलं की चारही पाय जमिनीवरून सुटतात ते ताणलेले असताना नाही, पोटाखाली गोळा झालेले असताना. ते फोटो अमेरिकेतले उद्योगपती लेलँड स्टॅनफर्ड यांच्या पालो आल्टोमधल्या घोड्यांच्या फार्मवर काढले होते, आणि त्याच जमिनीवर पुढे स्टॅनफर्ड विद्यापीठ उभं राहिलं. तिथली पोरं आजही कॅम्पसला 'फार्म'च म्हणतात. म्हणजे घोड्याच्या पायाचा निकाल लागला तोही एका भावी कॉलेजच्या आवारातच.

आता आमच्या चितळाची बातमी. त्याचा मागचा डावा पाय गेल्या पावसाळ्यापासून तडकला होता. आत सळई, तिच्यावर जाळी, वर सिमेंट, असं ते काम. फटीतून पाणी गेलं की सळई गंजते, गंजली की फुगते आणि सिमेंट फोडून बाहेर येते. मार्चमध्ये पोटरीचा तुकडा गळूनच पडला. पोरं उघड्या सळईला डबे अडकवायला लागली. मग नॅकची समिती येणार म्हणून सगळ्या जनावरांना रंग द्यायचा हुकूम निघाला. रंगाऱ्याने चितळांना ठिपके दिले आणि उरलेल्या पांढऱ्यात सांबरालाही दिले. सांबराला ठिपके नसतात हे मी सांगितलं, तर म्हणाला, "साहेब, आता दिले ना. बरा दिसतो."

पायासाठी गवंडी आला तेव्हा मी समोरच बसलेलो. आमचे वॉचमन आबा त्याला म्हणाले, "त्या भाऊले इचार, ते रोज त्याना पायच काढी ऱ्हायनात." गवंडी वही बघायला आला. मी गोऱ्ह्याचं पान काढून दाखवलं, घोटा कुठे, टाच कुठे, गुडघा कुठे. त्याने बराच वेळ पाहिलं, मग सळई वाकवून अगदी तसाच पाय केला. टाच मागे, खूर पुढे. मीसुद्धा इतका चांगला काढलेला नाही.

आता चितळाचा एक मागचा पाय बरोबर आहे आणि दुसरा पहिल्यासारखाच. पूर्वी ते नुसतं उभं असायचं. आता लंगडतंय. काल एका पोरीने आबांना विचारलं म्हणे, की याला काय लागलंय.